१/३५ ‘टाटानगर’ रेझिन किट: एक उन्हाळा काढल्यानंतर

‘आर्मर्ड कॅरिअर, व्हील्ड, इंडियन पॅटर्न’ हे दुसऱ्या महायुद्धातल्या या भारतीय चिलखती गाडीचं सरकारी नाव, पण सगळे टाटानगरच म्हणतात. चॅसी कॅनडाच्या फोर्डची, पत्रा टाटांचा, बॉडी रेल्वेच्या वर्कशॉपमधली. १९४० ते १९४४ दरम्यान ४,६५५ गाड्या बनल्या, उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत फिरल्या. तरी शर्मन रणगाड्यावर जेवढं छापलं गेलंय त्याच्या पासंगालाही हिची माहिती पुरत नाही. हा अनुभव परदेशातल्या एका छोट्या उत्पादकाच्या १/३५ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढ्या, थ्रीडी प्रिंटेड मॉडेल किटचा आहे, उघड्या टपाच्या मार्क २ या आवृत्तीचा. हिवाळ्यात जोडून झालं आणि मग मॉडेलने सोलापूरचा अख्खा उन्हाळा कपाटात काढला.

किट घ्यावं का? बॉडी आणि चाकांसाठी जरूर घ्यावं. अ‍ॅक्सल, बंदुका आणि आतलं सामान स्वतः करायची तयारी नसेल तर कस्टम ड्युटी भरण्याआधी पुन्हा विचार करा.

मापं चांगली आहेत. खरी गाडी साधारण ४.७ मीटर लांब, २.३ मीटर रुंद, २ मीटर उंच; म्हणजे १/३५ मध्ये १३४, ६६ आणि ५७ मिमी. व्हर्नियर लावला तर बॉडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत बसते. बंदुकांचं मात्र तसं नाही. ब्रेन ही हलकी मशीनगन १,१५६ मिमी, म्हणजे ३३ मिमी यायला हवी. किटमधली ३६ आहे आणि नळी काडीसारखी जाड. बॉइज ही रणगाडाविरोधी रायफल १,५७५ मिमीची, मॉडेलवर ४५. ती लांबीला बरोबर, पण नळी वाकलेली आली. दोन्ही टाकून द्या. युनिव्हर्सल कॅरिअर या ब्रिटिश चिलखती गाडीच्या प्लॅस्टिक किटमधली ब्रेन वापरा, आणि बॉइजची नळी पितळी नळीतून करा.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो पत्र्याच्या जाडीत. खऱ्या गाडीचं चिलखत ४ ते १४ मिमी, म्हणजे मॉडेलवर फार तर ०.४ मिमी. किटची भिंत १.५ मिमी आहे, कारण त्याहून पातळ प्रिंट पापडासारखा वाकतो. झाकलेल्या रणगाड्यात हे खपून जातं. इथे टप उघडं, त्यामुळे वरची कड सरळ डोळ्यांत येते आणि गाडी पत्र्याची न वाटता सिमेंटची वाटते. उपाय एकच: आतल्या बाजूने कडेपासून ४-५ मिमी खालपर्यंत तिरका उतार घासून कड ०.५ मिमीवर आणायची. आधी २४० चा वॉटर पेपर कडक पट्टीवर चिकटवून, मग ४०० आणि ६००. घासताना पाणी सोडायचं नाही. रेझिनची कोरडी पूड छातीत जाणं वाईट, मास्क हवाच. ०.५ च्या खाली गेलात तर कोपऱ्यांवर टवके उडतात.

रिव्हेट किटवर आहेत म्हणून तसेच ठेवू नका. वर्कशॉप आणि काळ बदलला की बारकावे बदलले, त्यामुळे ‘मार्क २’ एवढं लेबल पुरत नाही. एकच गाडी पक्की करा आणि तिच्याच फोटोवरून चाला. फोटो असा निवडायचा की त्यात चाक पूर्ण गोल दिसेल, लंबगोल नाही. मग रिमची बाहेरची कड हे एक माप धरून टायरचा व्यास, दोन चाकांमधलं अंतर, बाजूच्या पत्र्याची उंची हे सगळं त्याच्या पटीत काढायचं आणि किटवर ताडून बघायचं. रिम १६ इंची म्हणून सरळ ११.६ मिमी धरलं तर गणित फसतं: १६ इंच हा टायर जिथे बसतो तो व्यास, फोटोत दिसते ती त्याबाहेरची कड, ती मोठी असते.

आता उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ वर जातो, आणि स्लॅबखालच्या बंद कपाटात रात्रीसुद्धा फारसं उतरत नाही. साधं यूव्ही रेझिन (अतिनील प्रकाशाने कडक होणारं) अशा उष्णतेत वितळत नाही, पण सतत भार असला की हळूहळू बसतं. जाड भिंतींची बॉडी जड, आणि किटचे अ‍ॅक्सल २ मिमीच्या रेझिन कांड्यांचे. जून उजाडेपर्यंत पुढची चाकं वरून आत कलली. गरम पाण्यात बुडवून सरळ केलेला अ‍ॅक्सल पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बसणार, म्हणून जोडणीच्या वेळीच १.५ मिमी पितळी सळई आरपार घाला. १.६ चं ड्रिल सराफांच्या हत्यारांच्या दुकानात मिळतं. ड्रिल हाताने फिरवायचं. मोटरच्या वेगाने रेझिन तापून चिरतं. सळई फेविक्विकने नको, अ‍ॅरल्डाइटने बसवा. फेविक्विकसारख्या सायनो गोंदाचा जोड कडक आणि ठिसूळ, एका झटक्यात सुटतो.

दुसरी भानगड मागच्या इंजिनच्या पेटीची. मार्क २ चं इंजिन मागे, आणि किटमध्ये ती पेटी आतून पोकळ पण चहूबाजूंनी बंद आहे. आत न सुकलेलं रेझिन राहतं. उन्हाळ्यात ते फुगतं, बारीक भेगेतून चिकट थेंब येतो आणि रंगाखाली फोड धरतो. रंगाआधी पेटीच्या बुडाला २.५ मिमीची दोन भोकं पाडा. एकातून सिरिंजने आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) सोडा, हलवा, ओता. ओघळ स्वच्छ येईपर्यंत. दोन दिवस वाळू द्या, मग आत उरलेलं रेझिन कडक व्हायला भोकातून यूव्ही टॉर्च मारा. बुडाची भोकं बुजवायची गरज नाही.

रंगकामाची वेळ पहाटेची. दुपारच्या कोरड्या हवेत अ‍ॅक्रिलिक एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच वाळतं आणि पृष्ठभागावर वाळूसारखा खर येतो. रिटार्डर (रंग सावकाश वाळू देणारं द्रव) ५ ते १० टक्के, नोझल ०.३ पेक्षा बारीक नको. आणि गावाचा अभिमान कितीही असला तरी प्रायमरआधी मॉडेल सोलापुरी टॉवेलने पुसू नका; नव्या टॉवेलचा तंतू रिव्हेटच्या कडेला अडकतो तो भिंगाशिवाय दिसत नाही.

गाडीचा रंग ठिकाण आणि सालाप्रमाणे ठरवा. १९४३-४४ च्या इटलीसाठी लाइट मड या मातकट रंगावर काळपट निळ्या ठिगळांचा ब्रिटिश नमुना चालतो. ठिगळांची कड ब्रशने मारल्यासारखी स्पष्ट हवी, एअरब्रशची धुरकट नको. त्यानंतरच्या गाडीला एससीसी १५ हा एकरंगी ऑलिव्ह. किटबरोबर डिकल (मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं) नाहीत. डिव्हिजनची चिन्हं सुटी घ्यावी लागतात: चौथ्या इंडियन डिव्हिजनचा लाल गरुड छापलेलाच बरा, पाचवीचा काळ्यावरचा लाल गोल पंचने डिकल शीट कापूनही होतो.