‘शंभर टक्के मेरिनो’ म्हणून मला काय विकलं गेलं

थंडीची चाहूल लागली की समाजमाध्यमांवर लोकरीच्या जाहिरातींचा पूर येतो. त्यातल्याच एका विक्रेत्याने मला मेरिनो लोकर म्हणून ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा, विकलं, आणि पैसे परत मागितले तेव्हा माझ्या खात्यालाच हात घालायचा प्रयत्न केला. आत्ता घरोघरी कुंच्या, दुपटी, स्वेटर सुरू होताहेत, म्हणून सगळं लिहिते आहे.

माझ्या भाचीला मार्गशीर्षात बाळ व्हायचं आहे. ती निफाडला असते आणि तिथली थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. बाळाला क्रोशाची कुंची करायची, आतून मलमलचं अस्तर शिवायचं, असं मी ठरवलं. मेरिनो मेंढीच्या लोकरीचे तंतू बारीक असतात, त्यामुळे ती टोचत नाही. ऊब देते आणि ओलावाही शोषून घेते. महाग असते ती त्यामुळेच. या विक्रेत्याने ‘लुधियानाच्या कारखान्यातला शिल्लक साठा’ म्हणून 100 ग्रॅमचा गुंडा 390 रुपयांना लावला होता. मी फोन करून खोदून खोदून विचारलं. “ताई, शंभर टक्के मेरिनो. भेसळ निघाली तर पूर्ण पैसे परत,” असं उत्तर मिळालं. पैसे यूपीआयने आधीच घेतले.

गुंडे आले ते रंगाला सुरेख आणि हाताला लोण्यासारखे. हल्ली चांगलं ॲक्रिलिकही मेरिनोइतकंच मऊ लागतं, त्यामुळे नुसत्या स्पर्शावरून ही लबाडी पकडता येत नाही. कुंची विणून झाली, मशीनवर अस्तर जोडलं आणि शिवण बसावी म्हणून इस्त्री फिरवली. इस्त्रीचं टोक विणीच्या कडेला लागलं मात्र, तेवढा पट्टा लुळा पडून चकाकायला लागला. खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, एकमेकांत चपटे झाले. लोकर अशी वागत नाही. ॲक्रिलिक उष्णतेने असं मरतं, आणि पुन्हा कधी फुलत नाही.

मग उरलेल्या गुंड्याचा बोटभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवला. खरी लोकर हळू जळते, ज्योत काढली की बहुधा आपोआप विझते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली जाते. माझा धागा भुरभुर पेटला, वितळला, काळा धूर आला आणि खाली टणक काळा मणी उरला. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, नुसत्या वासावर जाऊ नका. थोडीशी लोकर मिसळली असली तरी केसांचा वास येतोच. मणी उरला की मिश्रण समजायचं. आणखी एक परीक्षा आहे. घरातल्या क्लोरीनवाल्या ब्लीचमध्ये धागा काही तास बुडवून ठेवा. लोकर विरघळून जाते, ॲक्रिलिक तसंच राहतं.

ॲक्रिलिक वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. खेळणी, तोरणं, रोज धुवायची शाल यांना ते उत्तम. पण ॲक्रिलिकला मेरिनोचा भाव लावायचा आणि तेही तान्ह्या बाळाच्या अंगावर घालायच्या वस्तूसाठी, ही सरळ चोरी आहे. धाग्याच्या बाबतीत तर ती दुहेरी चोरी. कापड खोटं निघालं तर कापड जातं. धागा खोटा निघाला तर डोळे ताणून घातलेला एकेक टाका जातो, त्याची भरपाई कुठलाच विक्रेता देत नाही. म्हणून पहिली साखळी घालण्याआधी धागा जाळून पाहा, आणि गुंडा वजनकाट्यावर ठेवा. माझे न उघडलेले गुंडे 100 ऐवजी 80-85 ग्रॅमच भरले.

वेष्टणावर तर वजनच छापलेलं नव्हतं. पाकिटबंद मालावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क छापणं 2011च्या वजनमापे नियमांनुसार बंधनकारक आहे. यातलं काही नसेल तर घेऊच नका. जाहिरातीतला फोटोही मोठा करून पाहा. माझ्या विक्रेत्याच्या फोटोतल्या कुंचीत खांब मध्येच विरून जात होते, टाके कुठून निघतात तेच कळत नव्हतं. तो फोटो संगणकाने बनवलेला होता. तशी वीण हातातून उतरूच शकत नाही.

मी जळालेल्या धाग्याचे आणि काट्यावरच्या वजनाचे फोटो पाठवले. विक्रेता लगेच गोड झाला. “ताई, रिफंड देतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका.” मी फोन ठेवला. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याकडून तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं, पण पत्ताच खोटा असेल तर नोटीस पोचणार कुठे? माझे पैसे अजून आलेले नाहीत. कुणी असा पिन टाकून बसलं असेल तर त्याच क्षणी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली तर ते गोठवता येतात. संवादाचे स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक, पार्सलचं वेष्टण आणि गुंड्याचा कागद यातलं काहीही फेकू नका.