"अ‍ॅपॉस्ट्रॉफी" शोधून पाहिला: एटिमऑनलाइनची परीक्षा

व्युत्पत्तिकोश कितपत कामाचा आहे हे जोखायला "अ‍ॅपॉस्ट्रॉफी" हा शब्द फार चांगला. एकाच स्पेलिंगखाली दोन निरनिराळे शब्द दडलेत. डग्लस हार्पर यांची ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी, म्हणजेच एटिमऑनलाइन, इथे चकत नाही. शब्द टाकला की चिन्हाची (इंग्रजीत अक्षराच्या डोक्यावर देतात तो ’) आणि वक्तृत्वातल्या अलंकाराची अशा दोन नोंदी वेगवेगळ्या मिळतात.

चिन्हाचं मूळ ग्रीक "अपोस्ट्रोफोस". "अपो" म्हणजे दूर, "स्ट्रेफेइन" म्हणजे वळवणं. अक्षर गळलं की तिथे ही खूण. लॅटिन आणि फ्रेंचमार्गे ती इंग्रजीत आली. नोंद १५८०च्या दशकातली. "ते अपि"चं "तेऽपि" लिहिणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको, अवग्रह तेच काम करतो.

नोंदीतला सगळ्यात मोलाचा भाग मालकीच्या "एस"चा, म्हणजे इंग्रजीत "-चा, -ची, -चे" दाखवणाऱ्या ’s चा. "स्टोन"चं जुन्या इंग्रजीतलं षष्ठीचं रूप होतं "स्तानेस". अशा रूपांतला "ई" बोलताना गळला, लिहिताना त्याच्या जागी चिन्ह आलं आणि अठराव्या शतकापर्यंत ते सरसकट सगळ्या नामांना चिकटलं, मुळात "ई" असो वा नसो. म्हणजे मालकीचं म्हणून शिकवलं जाणारं चिन्हही मुळात लोपाचंच! हे दोन वाक्यांत उरकलंय, आणखी दोन उदाहरणं चालली असती.

दुसरा शब्द "अपोस्ट्रोफे". बोलता बोलता वक्ता न्यायाधीशांकडून तोंड फिरवतो आणि भलत्यालाच, कधी हजर नसलेल्या माणसाला, कधी थेट मृत्यूला हाक मारतो, ते हे वळणं. इंग्रजीत हा अर्थ आधीचा, १५३०च्या दशकातला. चिन्हाच्या नावाचा उच्चार खरं तर फ्रेंचसारखा "फ"वर संपायला हवा होता. शेवटची "फी" या दुसऱ्या शब्दाच्या संगतीने लागली.

वापरताना दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. दिलेलं साल शब्दाच्या जन्माचं नसतं, तर इंग्रजीत सापडलेल्या सर्वांत जुन्या लेखी पुराव्याचं असतं. आणि मूळ धातूपुढची चांदणी (*) म्हणजे ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेवरून बांधलेलं आहे. त्या धातूवर टिचकी मात्र जरूर मारा: "स्ट्रोफी", "कॅटॅस्ट्रॉफी", इतकंच काय, एक ओळ डावीकडून तर पुढची उजवीकडून लिहिण्याच्या पद्धतीचं "बूस्ट्रोफेडॉन" हे नावही त्याच कुळातलं निघतं.

चिन्ह नेमकं कुठे द्यायचं, "इट्स"मध्ये कधी लागतं आणि कधी नाही, यासाठी हा कोश उघडू नका. त्याला मेरियम-वेबस्टर हा इंग्रजी शब्दकोश बरा. तिथेही हे दोन शब्द स्वतंत्र दिलेत आणि उच्चार ऐकता येतो.