वापरलेल्या गाडीची वाढीव वॉरंटी: गिअरबॉक्सच्या तेलावर अडलेला क्लेम

वापरलेल्या गाडीवर वाढीव वॉरंटी घ्यावी की नाही, हे बहुतेक जण तिच्यात कोणकोणते भाग येतात ती यादी वाचून ठरवतात. माझ्या गाडीचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची शक्ती तेलाच्या माध्यमातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सकडे नेणारा भाग, बिघडला, त्याच्या क्लेमसाठी वॉरंटी कंपनीशी बराच पत्रव्यवहार करावा लागला, आणि त्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की ती यादी सर्वांत शेवटी वाचावी आणि देखभालीच्या अटींचे पान सर्वांत आधी.

गाडी ऑटोमॅटिक, पेट्रोल, मी घेतली तेव्हा लाख किलोमीटरच्या आसपास चाललेली आणि उत्पादकाची मूळ वॉरंटी संपलेली. वाढीव वॉरंटी विक्रेत्याने गाडीसोबतच देऊ केली होती, पण करारावर जबाबदारी तिसऱ्याच कंपनीची होती. हा फरक सही करण्यापूर्वी नीट पाहावा, कारण बिघाडाच्या दिवशी विक्रेता फक्त फोन नंबर देतो, क्लेमचा निर्णय दुसरीकडेच होतो. गाडीच्या उत्पादकाने स्वतः दिलेली वॉरंटी, विक्रेत्याने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेली आणि तिसऱ्या कंपनीने विकलेली, या तिन्हींना बोलताना एकच नाव असले तरी त्यांची विश्वासार्हता सारखी नसते. तिसरी कंपनी असेल तर तिच्यामागे एखादी विमा कंपनी उभी आहे का, हे लेखी विचारावे. कंपनीच बंद पडली तर उरलेल्या मुदतीचा कागद कोणाकडे न्यायचा, हा प्रश्न त्यावरच सुटतो.

हिशेबाच्या बाजूने पाहिले तर अशी वॉरंटी न घेण्याकडेच माझा कल होता आणि त्या हिशेबात आजही खोट दिसत नाही. आपण भरलेल्या रकमेत विक्रेत्याचे कमिशन, कंपनीचा कारभार आणि तिचा नफा धरलेला असतो, त्यामुळे सर्व ग्राहकांचा एकत्र विचार केला तर भरलेल्या पैशांपेक्षा परत मिळणारे पैसे कमीच असणार. तरीही मी ती घेतली ती एकट्या गिअरबॉक्ससाठी. ब्रेक, टायर, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश हे खर्च हप्त्याहप्त्याने येतात आणि त्यांची तयारी ठेवता येते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे बिल मात्र एकदम येते आणि जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा भाग खाऊन जाते.

पहिले काही महिने तक्रार नव्हती. मग ताशी साठ ते ऐंशीच्या वेगाला, अॅक्सिलरेटरवर पाय अगदी हलका असताना, गाडीत थरथर जाणवू लागली. रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून चाके जावीत तसा तो कंप होता आणि त्याच क्षणी टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या होतात ते दाखवणारा, काटा शंभर-दीडशे फेऱ्यांनी खालीवर होत असे. डाव्या पायाने ब्रेकच्या पेडलला नुसता स्पर्श केला की थरथर तत्काळ थांबे आणि पाय काढला की काही सेकंदांत परत येई. (ही चाचणी मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसतानाच करावी.) ब्रेकचा संकेत मिळताच गिअरबॉक्सचा संगणक टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडून धरणारा) सोडून देतो, त्यामुळे दोष इंजिनाच्या मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याचा, नसून त्या क्लचचा आहे, हे एवढ्यावरून बरेचसे कळते. गाडीच्या संगणकातील दोषांच्या नोंदी वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०७०० आणि पी०७४१ हे दोन कोड आले. पहिला कोड गिअरबॉक्सच्या नियंत्रणात काही दोष नोंदला गेला आहे एवढेच सांगतो. दुसरा लॉक-अप क्लच नीट पकड घेत नसल्याचे दाखवतो.

वर्कशॉपमध्ये तेल काढले तेव्हा मी तिथेच उभा होतो. या गिअरबॉक्सचे नवे तेल लालसर आणि पारदर्शक असते. ट्रेमध्ये पडत होते ते जवळजवळ काळे होते आणि त्याला करपल्याचा वास येत होता. तेलाचे घर्षण नियंत्रित करणारी रसायने कालांतराने क्षीण होतात आणि लॉक-अप क्लच गुळगुळीत पकड घेण्याऐवजी पकड-सुट, पकड-सुट करू लागतो. दोष लवकर लक्षात आला तर नुसते तेल आणि फिल्टर बदलून थरथर जाऊ शकते. माझ्या गाडीची गेली नाही, कारण क्लचचे अस्तरच झिजलेले होते.

क्लेम दाखल केला आणि नकार आला. गिअरबॉक्सचे तेल वेळेवर बदलल्याचा पुरावा नाही, म्हणून देखभालीच्या अटीचा भंग झाला, असे कारण त्यात होते. या एका मुद्द्यावर मी सविस्तर लिहितो आहे, कारण ऑटोमॅटिक गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला तो येऊ शकतो. कित्येक गाड्यांच्या पुस्तिकेत गिअरबॉक्सचे तेल बदलण्याचा टप्पाच दिलेला नसतो. एकदा भरलेले तेल आयुष्यभर चालेल, असे गाडीचा उत्पादक मानतो. दुसरीकडे ज्या कंपन्या हे गिअरबॉक्स तयार करून गाडी उत्पादकांना पुरवतात, त्यांचे म्हणणे निराळे असू शकते. झेडएफ ही त्यांतली मोठी कंपनी. तिची शिफारस वापराच्या स्वरूपानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदलावे अशी आहे. म्हणजे पुस्तिकेप्रमाणे अक्षरशः वागणारा मालक तेल बदलत नाही, आणि वॉरंटी कंपनी गिअरबॉक्स बनवणाऱ्याच्या शिफारशीवर बोट ठेवून त्याला निष्काळजी ठरवते. हा अन्याय आहे आणि तो मुकाट्याने सोसू नये.

मी कराराची प्रत काढली. देखभालीच्या कलमात 'वाहन उत्पादकाने ठरवून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे' एवढेच लिहिलेले होते. गिअरबॉक्स बनवणाऱ्याचा उल्लेख कुठेही नव्हता. पुस्तिकेतील वेळापत्रकाचे पान, आधीच्या मालकापासूनची सर्व सर्व्हिस बिले आणि कलमाचा मजकूर जोडून मी लेखी उत्तर पाठवले. फोनवर एकही गोष्ट मान्य केली नाही. फोनवरचा माणूस सौजन्याने बोलतो, पण त्याच्या बोलण्याची नोंद आपल्याकडे राहत नाही. दरम्यान कंपनीने गिअरबॉक्स उतरवून कन्व्हर्टर तपासण्याची अट घातली आणि त्यासाठी माझी संमती मागितली. तपासणीत दोष वॉरंटीबाहेरचा निघाला, तर उतरवण्या-बसवण्याची सगळी मजुरी मालकाने भरायची, असे त्या संमतिपत्रात असते. ही जोखीम विकत घेताना कोणीही सांगत नाही आणि माझ्या मते संपूर्ण करारातली सर्वांत जाचक अट हीच आहे, कारण थकलेला मालक नेमका याच टप्प्यावर क्लेम सोडून देतो.

अखेरीस कन्व्हर्टर आणि तो बदलण्याची मजुरी मंजूर झाली. मजुरीचे तास मात्र प्रत्यक्षात लागले तितके न धरता कंपनीच्या तक्त्याप्रमाणे धरले गेले. नवे तेल, फिल्टर आणि सुरुवातीची स्कॅनिंग-तपासणी माझ्या खिशातून गेली. कन्व्हर्टरच्या किमतीतून घसारा कापला गेला नाही हे माझे सुदैव, कारण अनेक करारांत गाडीचे किलोमीटर वाढतात तसा भागाच्या किमतीतला मालकाचा वाटा वाढत जातो. एवढे सगळे वजा करूनही मी वॉरंटीसाठी भरलेल्या रकमेपेक्षा मिळालेला लाभ अधिक होता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

नकाराच्या पत्रानंतर वॉरंटी म्हणजे पैसे वाया, असे मी प्रत्येकाला सांगत होतो. पुढे कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) पंप गळू लागला आणि तो क्लेम कोणत्याही वादाविना मंजूर झाला, तेव्हा त्या मताला मुरड घालावी लागली. फरक कागदांचा होता. कूलंट बदलल्याची बिले क्रमाने होती, पुस्तिकेत टप्पा स्पष्ट होता आणि तापमानाचा दिवा लागण्याआधीच गाडी उभी केल्याची नोंद टोइंगच्या पावतीवर होती. गाडी तापल्यावर तशीच पुढे नेली असती तर सिलिंडर हेड वाकले असते आणि त्या नुकसानीला कराराने हात लावला नसता. रबरी नळीसारखा वॉरंटीत न येणारा स्वस्त भाग फुटतो, त्यामुळे वॉरंटीत येणारा महागडा भाग जातो, आणि मूळ कारण वगळलेले असल्याने दोन्हींचा खर्च नाकारला जातो, असे कलमही पुष्कळ करारांत आढळते. गॅस्केट आणि ऑइल सील यांचेही तसेच असते: मंजूर दुरुस्तीच्या ओघात बदलले तर मिळतात, नुसती गळती असेल तर मिळत नाहीत.

घ्यायचीच असेल तर गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी पूर्ण स्कॅन करून तारीख आणि किलोमीटरसह छापील अहवाल ठेवावा. दोष आधीपासूनच होता, या आक्षेपाला त्याच्याइतके दुसरे चांगले उत्तर नाही. अहवालात उत्सर्जनाशी (धुराशी) संबंधित, गाडीचा संगणक स्वतःच करतो त्या चाचण्या 'अपूर्ण' दिसत असतील तर कोड नुकतेच पुसलेले किंवा बॅटरी काढलेली असण्याची शक्यता असते. अशी गाडी काही दिवस चालवून पुन्हा तपासल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये. मूळ वॉरंटी शिल्लक असेल तर वाढीव मुदत आजपासून मोजली जाणार की मूळ संपल्यावर, हेही विचारावे, नाहीतर एकाच काळासाठी दोनदा पैसे जातात.

साधे इंजिन, मॅन्युअल गिअर आणि पूर्ण सर्व्हिस हिस्टरी असलेल्या गाडीसाठी मी ही वॉरंटी घेणार नाही. तेवढीच रक्कम बाजूला ठेवेन, कारण ती खर्च झाली नाही तर आपलीच राहते. टर्बो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा एअर सस्पेन्शन असलेल्या गाडीसाठी, आणि एकदम येणारे मोठे बिल ज्याच्या घरखर्चाची घडी विस्कटेल अशा माणसासाठी, ती घेण्याजोगी आहे. मात्र आधीच्या मालकाची बिलेच नसतील तर अशा गाडीवर वॉरंटीही घेऊ नये, कारण देखभालीच्या कलमापुढे ती टिकणार नाही.

माझी मुदत आता संपत आली आहे आणि नूतनीकरणाचा मसुदा आला आहे. त्यात देखभालीच्या कलमात 'वाहन उत्पादकाने अथवा संबंधित भागाच्या उत्पादकाने' अशी दुरुस्ती झालेली दिसते, भागाच्या किमतीवर घसारा आला आहे आणि गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीची अट तशीच आहे. नव्या कन्व्हर्टरवर वर्कशॉपची स्वतंत्र हमी आहे, तेल ताजे आहे आणि पुढचा बदल कोणत्या किलोमीटरला करायचा ते बिलावर लिहून घेतले आहे. त्यामुळे मी नूतनीकरण करत नाही, आणि तीन कारणांसह तसे कंपनीला लेखी कळवले आहे.