वस्तीतल्या कामाला पैसा कुठून आणायचा: सरकारी अनुदान, कंपनीचा सीएसआर की लोकवर्गणी?

ठाण्यात दिवा, मुंब्रा, लोकमान्य नगर, इकडे नवी मुंबईत तुर्भे स्टोअर, दिघा, इलठणपाडा, अशा ठिकाणी कोणी अभ्यासिका चालवतंय, कोणी घरकाम करणाऱ्या बायकांच्या पोरांना दिवसभर सांभाळतंय, कोणी रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतंय आणि हे सगळं दोन-तीन वर्षं पदरच्या पैशावर चाललंय. मग एक दिवस पैसे संपतात आणि कोणीतरी सांगतं की अहो सरकारी अनुदान मिळतं की, अर्ज करा. दुसरा सांगतो सीएसआर बघा, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर करायचा खर्च, बेलापूर रोडला एवढ्या कंपन्या आहेत. हे दोन्ही आणि तिसरी आपली लोकवर्गणी, यातलं काय घ्यायचं हे ठरवताना ज्यांची घालमेल होतेय त्यांच्यासाठी लिहितेय.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. पैसा कोणाचा घ्यायचा ते कामावरून ठरवा, पण पगार आणि भाड्याचे सहा महिन्यांचे पैसे लोकवर्गणीतून हातात असल्याशिवाय सरकारी अनुदानाच्या भरवशावर एकही ताई नेमू नका. कारण पुढे येतंच.

आधी दारातच अडवणारी गोष्ट. सरकारच्या बहुतेक योजनांमध्ये संस्था नोंदणीकृत हवी, तीन वर्षं जुनी हवी, तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब हवेत, आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद हवी. सीएसआरलाही तेच, संस्थेकडे आयकर खात्याची बारा-ए (संस्थेला करमाफी) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत) ही नोंदणी हवी, त्या प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून नंबर घेतल्याशिवाय कंपनी तुम्हाला पैसे देऊच शकत नाही. म्हणजे काल-परवा नोंदणी केलेल्या संस्थेला हे दोन्ही रस्ते जवळपास बंद, लोकवर्गणी तेवढी उघडी. आणि लोकवर्गणीलाही कायदा आहे हां, संस्था नोंदलेली नसेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते, गणपती मंडळं घेतात तीच कलम ४१-क ची. आपल्या मंडळाच्या पोरांना विचारा, त्यांना हे तोंडपाठ असतं. नोंदणीसाठी ठाण्यातच धर्मादाय कार्यालय आहे, सोसायटी करायची तर किमान सात जण लागतात आणि महाराष्ट्रात सोसायटीची नोंद १९५० च्या विश्वस्त कायद्याखालीही होते, त्यामुळे हिशोब आणि बदल अर्ज दरवेळी तिथे द्यायचे हे डोक्यात ठेवा. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत कळवायचं असतं आणि नेमकं हेच सगळे विसरतात, मग अनुदानाच्या अर्जाच्या वेळी जुन्याच लोकांची नावं रेकॉर्डला निघतात.

आता खरा फरक, पैसा कधी येतो. सरकारी अनुदान मंजूर होणं आणि खात्यात जमा होणं यात मोठं अंतर असतं. हप्त्याहप्त्याने येतं, आणि पुढचा हप्ता आधीच्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामालाच खर्च झाले असं लिहून दिलेलं) दिल्याशिवाय सुटत नाही. ते प्रमाणपत्र तुम्ही वेळेत दिलंत तरी पुढे फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस बसेल हे तुमच्या हातात नसतं. शिवभोजन थाळीचं उदाहरण घ्या, २६ जानेवारी २०२० ला योजना सुरू झाली, गिऱ्हाईक १० रुपये देणार आणि शहरात थाळीमागे ४० रुपये सरकार केंद्रचालकाला देणार. कल्पना किती चांगली, हमाल, रिक्षावाले, दवाखान्यात पेशंटजवळ बसलेली माणसं पोटभर जेवायची. पण केंद्र चालवणारे बरेचसे बचत गट आणि छोटे खानावळवाले, त्यांची बिलं महिनोन्महिने थकली आणि किराणावाला काही अनुदानाची वाट बघत नाही. माझ्या ओळखीच्या एका संस्थेत (योजना वेगळी होती) दुसरा हप्ता इतका लांबला की दोन्ही शिक्षिका दिवाळीत बिनपगारी होत्या, त्यातली एक नंतर मॉलमध्ये कामाला लागली ती लागलीच. पोरांना तिची सवय झालेली. हे नुकसान कुठल्या प्रमाणपत्रात दिसत नाही आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

सीएसआरचा पैसा एकदा करार झाला की वेळेवर येतो. पण तो कोणाकडून मिळेल हे समजून घ्या. कायद्याने सक्ती फक्त मोठ्यांना आहे, नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक तरी असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. वागळे इस्टेटमधल्या वीस माणसांच्या वर्कशॉपच्या मालकाकडे जाऊन सीएसआर मागू नका, तो त्यात बसत नाही, त्याच्याकडे सरळ देणगी मागा, बरेच जण मनापासून देतात. मोठ्या कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायद्यातच लिहिलंय, तेव्हा रबाळे-महापेच्या कंपनीसमोर तुर्भे-दिघ्याचं काम मांडताना हा मुद्दा बिनधास्त काढा. आणि जानेवारी ते मार्चमध्ये त्यांना पैसे खर्च करायची घाई असते, पण ओळख त्याआधी दिवाळीच्या सुमारास झालेली असली पाहिजे, मार्चमध्ये पहिल्यांदा मेल टाकून काही होत नाही.

सीएसआरची अडचण वेगळी. वर्षाचा प्रकल्प, जास्तीत जास्त तीन-चार वर्षांचा, मग कंपनीचा विषय बदलतो. यंदा शिक्षण, पुढच्या वर्षी झाडं लावणं. आणि त्यांना फोटोत दिसणाऱ्या वस्तू आवडतात, कम्प्युटर, बेंच, शिलाई मशीन, पाण्याचा फिल्टर. बाईंचा पगार मागितला की चेहरे बदलतात. म्हणून सीएसआरकडे वस्तू मागा, त्यात ते खुश आणि आपलंही काम होतं. इथे एक बारीक पण महत्त्वाचा फरक, सीएसआरमधून आलेली वस्तू संस्थेच्याच मालकीची राहू शकते, सरकारी अनुदानातून घेतलेली वस्तू मात्र परवानगीशिवाय विकता येत नाही आणि तिची वेगळी नोंदवही ठेवावी लागते.

हिशोबाचं म्हणाल तर सरकारी सगळ्यात कडक आणि ते बरोबरच आहे, जनतेचा पैसा आहे. त्याच कामासाठी दुसरीकडून अनुदान घेतलं नाही असं लिहून द्यावं लागतं, अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याजसुद्धा केंद्राच्या योजनेत परत करायचं असतं, कॅग, म्हणजे सरकारी खर्च तपासणारी देशाची यंत्रणा, हिशोब तपासू शकते. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की सरकारकडून भरीव पैसा घेणारी संस्था माहिती अधिकारात येते. घाबरायचं काही कारण नाही, पण हिशोब लिहिणारं एक माणूस ठेवावं लागेल आणि त्याचा पगार अनुदानात धरलेला असतोच असं नाही, तो कुठून देणार हे आधी ठरवा.

लोकवर्गणीचं गणित सोपं आहे. समजा दोन ताईंचा पगार, खोलीचं भाडं, लाईट, पोरांचा खाऊ मिळून महिन्याला ६०,००० लागतात. महिन्याला ५०० देणारी १२० माणसं हवीत. घोडबंदर रोडच्या किंवा सीवूड्सच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या माणसांनी मनावर घेतलं तर हे जमतं, पण दर महिन्याला त्यांना काहीतरी सांगावं लागतं, भेटावं लागतं, रविवारी वर्ग दाखवायला आणावं लागतं. मेहनत खूप आहे. शिवाय नवी करप्रणाली घेतलेल्या पगारदारांना ८०-जीची सवलत मिळत नाही आणि २,००० च्या वरची रोख देणगी सवलतीला चालत नाही, त्यामुळे टॅक्स वाचेल असं सांगून पैसे मागायचे दिवस आता फारसे राहिले नाहीत. मुलाचं नाव, त्याची इयत्ता, तो आता बेरीज-वजाबाकी करतो का हे सांगून मागा. (फोटो टाकताना आईबापांना विचारून टाका प्लीज, गरीब आहेत म्हणून त्यांच्या पोरांचे चेहरे गावभर फिरवायचा हक्क आपल्याला नाही.)

मग सरकारकडे जायचंच नाही का, तर जायचं, आणि पाळणाघरासाठी तर नक्की जायचं. वाशी-सानपाड्याच्या घरांत कामाला जाणाऱ्या बाईचं दीड वर्षाचं मूल सात-आठ तास सांभाळणं हे वर्षाच्या प्रकल्पाचं काम नाही, त्याला वर्षानुवर्षं चालणारा पैसा लागतो आणि तो सरकारकडेच आहे. २०१७ पासून काही वर्षं राष्ट्रीय पाळणाघर योजनेत केंद्र ६०, राज्य ३० आणि संस्था १० टक्के असा वाटा होता, म्हणजे दहावा हिस्सा संस्थेनेच उभा करायचा. आता ती केंद्राच्या महिलांसाठीच्या मिशन शक्ती योजनेखाली ‘पालना’ नावाने आहे, केंद्र-राज्य ६०:४०, आणि भर अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघरांवर आहे. म्हणून वेगळी खोली भाड्याने घेण्याआधी आपल्या वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेशी आणि तिच्यावर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेशी बोला. महापालिकेचा समाज विकास विभागही बघा, महिला-बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठी पालिकेच्या बजेटमध्ये ५-५ टक्के ठेवायचे असतात, बजेट मांडलं जातं तेव्हा त्याची छापील प्रत वाचा, आपल्या प्रभागाला काय आलं ते विचारा.

अभ्यासिका असेल तर लोकवर्गणीवर चालवा, वर कम्प्युटर-पुस्तकं सीएसआरमधून. दाखले, रेशनकार्ड, योजनांचे फॉर्म भरून द्यायचं काम असेल तर मी म्हणेन सरकारी पैसा घेऊच नका, कारण उद्या एखाद्या बाईचं रेशन अडलं तर तुम्हाला त्याच यंत्रणेशी भांडावं लागणार आहे आणि तेव्हा हात मोकळे हवेत. बायकांना स्वतःचा धंदा करायचा असेल तर संस्थेपेक्षा बचत गट बरा, राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात गटाला १०,००० रुपये फिरता निधी मिळायचा आणि वेळेत कर्ज फेडणाऱ्या गटांना व्याजात सूट, नुसत्या त्या दहा हजारांवरसुद्धा पापड-मसाल्याची सुरुवात झालेले गट आहेत.

आणि ज्यांची नोंदणीच नाही किंवा नवीन आहे त्यांनी तीन वर्षं हातावर हात ठेवून बसू नये. ठाण्यात जुन्या, हिशोब चोख असलेल्या संस्था आहेत, त्यांच्या छत्राखाली काम सुरू करा, पण लेखी करार करून. त्यात तीन गोष्टी असू द्या: तुमच्या कामासाठी आलेल्या पैशाचा हिशोब वेगळ्या खात्यात राहील, किती टक्के ते प्रशासनाला कापतील, आणि वेगळे झालात तर बेंच-कम्प्युटर कोणाचे.