मराठी पुस्तकाच्या मांडणीसाठी स्क्रायबस की इनडिझाइन?

अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातील एखाद्या छोट्या प्रकाशकाला मांडणीचे सॉफ्टवेअर निवडायचे असते, तेव्हा प्रथम खर्चाचाच विचार होतो. इनडिझाइनचे शुल्क नियमित भरावे लागते, तर मुक्तस्रोत स्क्रायबस विनामूल्य मिळते. माझ्या मते मात्र देवनागरी मजकूर कसा उमटतो आणि फाइल पुढे कोणाच्या हाती जाते, यांवर हा निर्णय घ्यावा.

स्क्रायबसच्या जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरे फुटत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसे. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीत ही अडचण राहिलेली नाही. इनडिझाइनमध्येही वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्यांची अक्षरे नीट जुळवणारा पर्याय) निवडला नाही, तर मराठी मजकूर असाच विस्कटतो. ओळी तोडण्यात मात्र इनडिझाइन सरस आहे, कारण ते संपूर्ण परिच्छेद एकत्रित पाहून जागा वाटते. स्क्रायबसमध्ये ओळ एकेक करून ठरत असल्याने दिवाळी अंकातील अरुंद स्तंभांत शब्दांमधल्या पोकळ्या हाताने सावराव्या लागतात. एकाच स्तंभाच्या कादंबरीत हा फरक फारसा जाणवत नाही. श्रीलिपी या युनिकोडपूर्व फाँटपद्धतीतील जुना मजकूर युनिकोडमध्ये आणून पुन्हा प्रूफ तपासण्याचे कष्ट, टिरो देवनागरी मराठीसारखा मुक्त फाँट वापरायचा असेल तर, दोन्हीकडे सारखेच आहेत.

छापखान्याला केवळ पीडीएफ द्यायची असेल, तर स्क्रायबस निर्धास्तपणे निवडावे. त्यातून पीडीएफ/एक्स (छपाईसाठी ठरवलेले पीडीएफचे प्रमाण) प्रकारची, छपाईच्या चार रंगांत विभागलेली फाइल मिळते. परंतु आपली फाइल बाहेरच्या डीटीपी चालकाकडे वारंवार जाणार असेल, तर इनडिझाइनच योग्य ठरते. त्याची मूळ फाइल स्क्रायबसमध्ये उघडत नाही आणि आयडीएमएल (इनडिझाइनमधून देवाणघेवाणीसाठी काढलेली फाइल) आणले, तरी मांडणी बरीच दुरुस्त करावी लागते.

मुखपृष्ठाचे रेखाटन इंकस्केप आणि छायाचित्रांचे काम गिंप या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरांत उत्तम होते. मात्र इंकस्केपची पीडीएफ आरजीबी, म्हणजे पडद्यासाठीच्या लाल-हिरवा-निळा रंगांत असल्याने काळी अक्षरे छपाईच्या वेळी चारही रंगांत विभागली जाऊ शकतात आणि प्लेट किंचित सरकली, तरी त्यांच्या कडा पुसट दिसतात. म्हणून पुस्तकाचे नाव आणि मलपृष्ठावरील मजकूर स्क्रायबसमध्येच, केवळ काळ्या शाईत जुळवावा.

अजूनही मन ठरत नसेल, तर सोळा पानांचा एक फॉर्मा स्क्रायबसमध्ये जुळवून आपल्या नेहमीच्या छापखान्यातून त्याचे प्रूफ काढून घ्यावे.