पाटी नसलेलं रेडिओचं दुकान : पाचपैकी चार

महाद्वार रोडवरनं आत वळणाऱ्या एका बोळात हे दुकान आहे. पाटी नाही. दारात उघडे स्पीकर टांगलेत, तीच खूण.

आमचा सेट मर्फीचा, व्हॉल्व्हवाला, हिरव्या डोळ्याचा. आबांनी घेतलेला. वीसेक वर्षं माळ्यावर गोणपाटात पडून होता. २० फेब्रुवारी २०२४ ला रेडिओ सिलोनवरच्या बिनाका गीतमालेचे निवेदक अमीन सायानी गेले. बातमी वाचली आणि त्याच संध्याकाळी शिडी लावली. आधी दुसरीकडं नेला, तर तिथल्या पोरानं झाकण न उघडताच सांगितलं, "भंगारात द्या काका."

इथल्या मामांनी मागचा पुठ्ठा काढला, फुंकर मारली, वास घेतला. "कंडेन्सर वाळलेत, डायलची दोरी तुटलीय, व्हॉल्व्ह एकच बदलायला लागंल. ठेवून जावा, आठ दिवसांनी या." त्या आठ दिवसांचे सहा आठवडे झाले. फोन केला की "उद्या बघा." एक स्टार तिथं कापलाय.

सेट आणायला गेलो त्या दिवसासाठी मात्र चार. मामा सेट गाण्यावर तपासत नाहीत. म्हणाले, "गाण्यात खोट झाकती, बोलण्यात न्हाई." जुन्या सेटला मागं ग्रामोफोन जोडायची दोन भोकं असतात. त्यात वायर खुपसून मोबाईलवरनं त्यांनी सायानींचंच जुनं रेकॉर्डिंग लावलं. व्हॉल्व्ह तापेपर्यंत नुसती घूं घूं. मग "बहनो और भाइयो". 'भाइयो'तल्या 'भा'ला स्पीकर फरफरला. मामांनी लगेच बंद केला. "स्पीकरचा कोन चिरलाय." पातळ कागद, डिंक, वर टेबलफॅन. मला चहा.

चहाबरोबर गप्पा. १९५२ साली केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरनं सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली, म्हणून तर सगळा देश सिलोनकडं वळला, हे मामांना तोंडपाठ. बिनाका गीतमाला त्याच वर्षी सुरू झाली. बुधवारी रात्री आठ. सायानी बोलायचे मुंबईत, टेप कोलंबोला जायची आणि तिथनं आवाज आमच्या गल्लीत यायचा. हिंदी आम्हाला शाळेपेक्षा त्यांच्याकडनंच जास्त आलं. त्यांच्या आई कुलसुमबाई 'रहबर' नावाचं पाक्षिक काढायच्या, साध्या हिंदुस्थानीत, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत. ते साधं बोलणं तिथलं असणार, असं आपलं माझं मत. रेडिओवर आणलं ते थोरल्या भावानं, हमीद सायानींनी. मामांचं म्हणणं, १९८९ ला गीतमाला विविध भारतीवर आली तेव्हा ऐकायला सोपी झाली, पण मजा गेली. मला नाही पटलं. आबा कानाला सेट लावून २५ मीटरवर काटा केसभर इकडं, केसभर तिकडं करायचे. पहिल्या पायदानाचं, म्हणजे पहिल्या नंबरचं गाणं यायच्या वेळीच आवाज लांब जायचा आणि आबा आमच्यावर खेकसायचे. त्यात कसली मजा?

दुसऱ्यांदाही 'भा' थोडा फरफरला. तिसऱ्यांदा साफ. इतका साफ की मामांनी पुढचं वाक्य पुरं होईपर्यंत हात बटणावर नेला नाही.

अठराशे पन्नास घेतले. पावती मागा, नाहीतर देत नाहीत. एफएम ह्या सेटवर येणार नाही, ती अपेक्षा ठेवून नेऊ नका.

आता बुधवारी आठला मीच मोबाईल जोडतो. आवाज खणखणीत आहे. हिरवा डोळा मात्र टक्क उघडाच असतो. तो स्टेशन लागल्यावर मिटतो, आणि स्टेशन लागलेलं नसतं.