ए-लेव्हलचे जीवशास्त्र की आयबीचे? दोन मुलांनंतरचे मत

इंग्लंडमध्ये जीसीएसई, म्हणजे तिथली दहावी, आटोपत आलेल्या मुलांचे आईवडील अलीकडे मला वारंवार विचारतात, की मुलाला जीवशास्त्र आवडते, जवळच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये (शाळेची शेवटची दोन वर्षे) ए-लेव्हल, म्हणजे मोजकेच विषय खोलात शिकण्याचा अभ्यासक्रम, आहे आणि थोड्या लांबच्या शाळेत आयबी, म्हणजे सहा विषयांचा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा, आहे, तर काय करावे? आमच्या घरात दोन्ही झाले. थोरल्याने 2022 मध्ये ए-लेव्हल दिली आणि धाकटीने मे 2025 मध्ये आयबीची हायर लेव्हल (दोन पातळ्यांपैकी वरची). धाकटीच्या वेळी वेगळी वाट पाहावी हा आग्रह माझा होता, त्यामुळे पुढचे मत पूर्णपणे तटस्थ नाही हे आधीच सांगितलेले बरे.

काय शिकायचे, यात मला फारसे अंतर दिसले नाही. पेशी, विकरे, डीएनए, उत्क्रांती, परिसंस्था हे सगळे दोन्हीकडे आहे. आयबीने नव्या अभ्यासक्रमात, ज्याची पहिली परीक्षा 2025 मध्येच झाली, तोच मजकूर चार सूत्रांभोवती बांधला आहे आणि प्रत्येक सूत्र रेणूपासून परिसंस्थेपर्यंत चढत जाते. ए-लेव्हलसाठी सुमारे 360 तास धरलेले असतात आणि आयबीच्या हायर लेव्हलसाठी 240. तरीही धाकटीला काही कमी शिकवले गेले असे मला तरी जाणवले नाही. तिच्याबाबतीत घाई मात्र जाणवली.

आम्हाला अडला तो भाग वेगळाच होता. ए-लेव्हलच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि त्यांच्या मार्क स्कीम (कोणत्या उत्तराला गुण द्यायचा याच्या परीक्षकांसाठीच्या याद्या) सर्वांना पाहायला मिळतात. त्यामुळे रविवारी सकाळी मुलाने एक पेपर सोडवायचा आणि दुपारी मी मार्क स्कीम समोर ठेवून तो तपासायचा, असा आमचा क्रम यिअर 12 च्या, म्हणजे आपल्या अकरावीच्या, हिवाळ्यापासून पडला. श्वसनात ऊर्जा 'प्रोड्यूस' होते असे लिहिले की गुण गेला, तिथे 'रिलीज' हवे. जिवाणू प्रतिजैविकाला 'इम्यून' झाले असे लिहून चालत नाही, 'रेझिस्टंट' हवे. विकराची सक्रिय जागा आधारद्रव्याच्या 'सेम शेप'ची नसते, ती त्याला 'कॉम्प्लिमेंटरी' असते. इथवर माझी काही तक्रार नव्हती. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो, तिथे शब्द चुकला तर अर्थ चुकतो, आणि वरच्या तिन्ही ठिकाणी मुलाचा अर्थच चुकला होता.

पण पुढे एका प्रश्नात यीस्टपासून निघणारा वायू सिरिंजमध्ये गोळा करण्याची पद्धत त्याने नीट लिहिली, मापाच्या रेघांसह सिरिंजची आकृतीही काढली, आणि शेवटी वायूचे 'अमाउंट' मोजावे असे म्हटले. मार्क स्कीमला 'व्हॉल्यूम' हवे होते. आकृतीकडे बोट दाखवून तो माझ्याशी पंधरा मिनिटे वाद घालत राहिला आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे हे ठाऊक असूनही मी गुण दिला नाही, कारण परीक्षकही देणार नव्हता. परासरणात विरल द्रावणाकडून तीव्र द्रावणाकडे पाणी जाते हे त्याचे जीसीएसईला चाललेले उत्तर 'वॉटर पोटेन्शियल' हे दोन शब्द नसल्यामुळे शून्यावर आले. मग त्याने हे शब्द रंगीत कार्डांवर उतरवून पाठ करायला घेतले, आणि यिअर 13 मध्ये एकदा मी सहज विचारले की मूत्रपिंड लघवी घट्ट कशी करते, तर त्याने मान वर न करता विचारले, "किती गुणांसाठी सांगू, बाबा?"

सांगलीला अकरावी-बारावी करताना आम्हीही गाईडमधली अधोरेखित वाक्ये अशीच घोकत होतो. समुद्र ओलांडताना गाईड तिकडेच राहिले अशी माझी समजूत होती. त्याला गुण उत्तम मिळाले, हे सांगायलाच हवे. पद्धत चालते, याबद्दल वाद नाही.

आयबीची गुणदान पद्धतही काही मऊ नाही, तिथेही काही शब्द अधोरेखित आणि अनिवार्य असतात. मात्र उत्तराचा अर्थ तोच असेल तर वेगळ्या शब्दांनाही गुण द्यावा, अशी सूचना तिथल्या परीक्षकांना लेखी दिलेली असते. धाकटीचे पेपर तपासताना मला हा फरक दर आठवड्याला दिसला, आणि रविवारच्या दुपारचे आमचे वाद शब्दांवरून सरकून जीवशास्त्रावर आले.

प्रयोगांचेही काहीसे तसेच आहे. ए-लेव्हलमध्ये किमान 12 प्रयोग करावे लागतात, पण त्यांचा शेरा वेगळा मिळतो आणि श्रेणीत धरला जात नाही. लेखी पेपरांत किमान 15 टक्के गुण प्रयोगांविषयीच्या प्रश्नांना असतात एवढेच. आयबीत स्वतः प्रश्न शोधून केलेल्या अन्वेषणाला 20 टक्के गुण आहेत आणि अहवाल 3000 शब्दांच्या आत बसवावा लागतो. धाकटीने मिठाच्या पाच वेगवेगळ्या तीव्रतांत मेथीचे दाणे रुजवले. पहिल्या खेपेस रेडिएटरजवळ झाकून ठेवलेल्या बश्यांना बुरशी आली आणि सगळे टाकून द्यावे लागले. ती रडकुंडीला आली होती, पण प्रयोगाच्या मर्यादांचे मूल्यमापन हा चार समान निकषांपैकी एक आहे, त्यामुळे त्या बुरशीवरही तिला लिहिण्यासारखे पुष्कळ मिळाले.

आता दुसरी बाजू. आयबी म्हणजे फक्त जीवशास्त्र नव्हे. सहा विषय, 4000 शब्दांचा दीर्घ निबंध, ज्ञानमीमांसेचा (ज्ञान कसे मिळते याचा) तास आणि वर समाजसेवा व खेळ. ज्या मुलाला जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित सोडून काहीच नको आहे, परभाषेच्या तासाला ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याला या चरकात घालणे मला तरी योग्य वाटत नाही. ब्रिटनमधली विद्यापीठे दोन्ही स्वीकारतात, वैद्यकीयही, त्यामुळे त्या भीतीपोटी आयबी टाळण्याचे किंवा घेण्याचे कारण नाही. सरकारी शाळांपैकी मोजक्याच शाळांत आयबी आहे, हीच बहुतेकांची खरी अडचण असते. आणि ए-लेव्हलच घ्यायची ठरली, तर परीक्षा मंडळ कोणते हे अवश्य पाहावे: एक्यूए या मंडळाच्या तिसऱ्या पेपरात 25 गुणांचा निबंध असतो, त्यात मुलाला सगळ्या अभ्यासक्रमातून स्वतः धागे जुळवता येतात. आमच्या मुलाचे मंडळ वेगळे होते, त्याच्या वाट्याला तो निबंध आला नाही.

ओपन इव्हिनिंगला, म्हणजे शाळा पाहायला बोलावतात त्या संध्याकाळी, गेल्यावर प्रयोगशाळा पाहून झाली की जीवशास्त्राच्या शिक्षकांकडे तपासलेली दोन-तीन उत्तरे मागावीत आणि ती मुलाच्या हाती द्यावीत. धाकटीने दोन्ही शाळांत ती उभ्याउभ्या वाचली. घरी येताना तिने मला एवढेच विचारले, की लांबच्या शाळेची बस सकाळी किती वाजता सुटते.